मोटारीच्या टपावरचं कॅरिअर घरी बनवताना: मापापासून पहिल्या फेरीपर्यंत

कॅरिअर बनवायचं ठरलं की बहुतेकांची सुरुवात वरून होते. डोळ्यांसमोर आधी ऐसपैस टोपली येते, मग पुढे दिवे लावायची पट्टी, बाजूला फावडं अडकवायची जागा. हे सगळं गाडीला धरून ठेवणार कोण, हा प्रश्न अगदी शेवटी पडतो. काम नेमकं उलट क्रमाने करायला हवं. टोपली थोडी वाकडीतिकडी झाली तरी चालून जातं, पण पाय सुटले तर अख्खं कॅरिअर सामानासकट मागच्या गाडीपुढे जाऊन पडतं. म्हणून इथे पाय आणि वजन यांवर जास्त लिहिलं आहे, टोपलीवर कमी.

आधी वजनाचा हिशोब

टपावर किती भार चालेल, हा आकडा गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. लहान गाड्यांमध्ये तो बऱ्याचदा ५० किलोच्या आसपास असतो, मोठ्या गाड्यांमध्ये ७५ ते १०० किलो. तो चालत्या गाडीसाठी असतो. उभ्या गाडीचा टप याच्या कितीतरी पट भार पेलतो, म्हणून तर टपावरच्या तंबूत दोन माणसं झोपू शकतात. पण खड्डे, वळणं आणि ब्रेक यांचे धक्के बसू लागले की तेवढी मोकळीक उरत नाही. शिवाय कॅरिअरचं स्वतःचं वजनही याच आकड्यात मोजायचं असतं. तुम्ही लोखंडावर जितके किलो घालाल, तितके किलो सामानातून वजा होतील.

एक उदाहरण घेऊ. टप ७५ किलोचा, कॅरिअर १२०० मिमी लांब आणि १००० मिमी रुंद. चौकट आणि आडव्या पट्ट्या मिळून साधारण सव्वासात मीटर पाइप लागतो. २५ × २५ मिमीचा, १.६ मिमी जाडीचा लोखंडी चौकोनी पाइप मीटरला सुमारे १.१८ किलो भरतो, म्हणजे तळाची चौकट साडेआठ किलोच्या आत बसते. कठड्यासाठी १९ मिमीचा गोल, १.२ मिमी जाडीचा पाइप पाच मीटर घेतला तर अडीच-पावणेतीन किलो. सहा पाय आणि नटबोल्टांचे तीन-साडेतीन किलो. सगळं मिळून १५ किलोच्या आसपास, आणि सामानाला ६० किलो शिल्लक.

आता हीच चौकट 'मजबूत असू दे' म्हणून ४० × ४० मिमीच्या २ मिमी जाड पाइपात केली, तर ती एकटीच १७ किलोंची होते. त्यावर २ मिमीचा पत्रा अंथरला की आणखी १९ किलो. सामान चढायच्या आधीच निम्मा टप संपला! बरं, या जाड पाइपाची गरजही नसते. २५ मिमीच्या पाइपाच्या एका मीटरभर लांबीच्या आडव्या पट्टीवर ३० किलो भार सारखा पसरला, तर ती मधोमध जेमतेम दोन मिमी वाकते. आणि अशा पट्ट्या पाच आहेत.

अ‍ॅल्युमिनियम घ्यावं का? घनता लोखंडाच्या एकतृतीयांश, त्यामुळे मोह होतो. पण ताठरपणाही एकतृतीयांशच असतो, म्हणून पाइप जाड घ्यावा लागतो आणि बचत वाटते तेवढी होत नाही. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने कडक केलेलं अ‍ॅल्युमिनियम जोडाजवळ मऊ पडतं. वेल्डिंग येत नसेल, तर खाचेची अ‍ॅल्युमिनियम सेक्शन आणून नटबोल्टांनी जोडा, तो चांगला मार्ग आहे. वेल्डिंग येत असेल तर लोखंडच बरं.

तुमच्या टपाला धरायला काय आहे?

जुन्या जीप आणि व्हॅनच्या टपाच्या कडेने पावसाच्या पाण्यासाठी पन्हळ असते. तिच्यासारखी सोय नाही. तिथे भार थेट बॉडीच्या सांगाड्यात उतरतो आणि इंग्रजी J अक्षरासारखा हूक करून खालून पकडता येतं. दुसरा प्रकार उंच रेलिंगचा, म्हणजे टपापासून सुटलेला आणि खालून हात जाईल असा दांडा. घरी पाय बनवण्यासाठी हेही उत्तम.

रेलिंग टपाला चिकटलेलं असेल, किंवा टपाच्या पट्टीखाली कंपनीने आटे दिलेली भोकं असतील, तर माझं मत असं की पाय तयार विकत घ्यावेत आणि फक्त वरचं कॅरिअर स्वतः करावं. टप अगदी सपाट असेल आणि पाय दाराच्या फटीत अडकवायचे असतील तर तयार पाय घ्याच. त्या पकडीचा आकार प्रत्येक गाडीत वेगळा असतो आणि ती थोडी जरी चुकली तरी दार नीट बसत नाही, पाणी आत येतं.

टपाला स्वतः भोकं पाडण्याचा विचार सोडून द्या. बऱ्याच गाड्यांत टपाच्या कडेला, आतल्या अस्तरामागे पडदा-एअरबॅग गुंडाळून ठेवलेली असते. तिथूनच वायरिंग आणि सनरूफच्या पाण्याच्या नळ्याही जातात. ड्रिलचं टोक कुठे निघेल ते बाहेरून कळत नाही.

यापुढचं सगळं उंच रेलिंग धरून लिहिलं आहे. पन्हळीसाठी फक्त पकडीचा आकार बदलेल.

माप

गाडी सपाट जागी उभी करा. दोन्ही रेलिंगमधलं अंतर पुढे, मधे आणि मागे असं तीन ठिकाणी मोजा. ते सारखं नसतं, बहुतेक गाड्यांचा टप मागे किंवा पुढे निमुळता होतो. मग रेलिंगच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत सुतळी ताणून बांधा आणि जिथे पाय येणार तिथे सुतळी आणि रेलिंग यांतलं अंतर पट्टीने घ्या. टप लांबीतही वाकलेला असतो, मधला भाग वर येतो. म्हणून सहा पायांपैकी मधले दोन आखूड आणि टोकाचे चार उंच करावे लागतात. सगळे पाय एकाच उंचीचे केले आणि मग बोल्ट आवळून चौकट खाली ओढली, तर रेलिंगवर कायमचा ताण राहतो आणि पहिल्या खराब रस्त्यावर कुरकुर सुरू होते.

मागचं दार पूर्ण उघडून बघा. उघडताना त्याची वरची कड टपाच्या वर आणि पुढे येते, त्यामुळे कॅरिअरचं मागचं टोक तिच्यापासून निदान ३० मिमी दूर हवं. सनरूफ वर उचलून उघडणारं असेल तर त्याची उंची, अँटेनाची उंची, आणि मागच्या काचेवरचा तिसरा ब्रेक-दिवा झाकला जात नाही ना, हेही आत्ताच पाहून घ्या. कॅरिअरचा तळ आणि टपाचा पत्रा यांत मधल्या भागी ४०-५० मिमी मोकळी जागा ठेवली की हात घालून पट्टा ओवता येतो आणि टप धुता येतो. यापेक्षा जास्त उंच नेऊ नका. उंची वाढली की वळणावर गाडी जास्त झुकते आणि वाराही जास्त धरतो.

टपावर बसवलेल्या सामानाची उंची, रुंदी आणि बाहेर येणारा भाग यांचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात. तुमच्याकडे काय लागू आहे ते आणि विम्याची अट हे पाइप कापायच्या आधी बघितलेलं बरं.

पाय आणि पकड

प्रत्येक पायाचे दोन भाग. वरचा भाग चौकटीला जोडलेली ५ मिमी जाड, ५० मिमी रुंद पट्टी. खालचा भाग म्हणजे रेलिंगला दोन बाजूंनी कवेत घेणारी पकड, दोन तुकड्यांची, एम ८ (८ मिमी व्यासाच्या) बोल्टांनी आवळायची.

रेलिंगचा आकार पट्टीत उतरवायला पुठ्ठा घ्या. त्यात अंदाजाने खाच कापा, रेलिंगवर बसवून बघा, जिथे अडतं तिथे कातरा, जिथे फट राहते तिथे नवा तुकडा चिकटवा. तीन-चार वेळा हे केलं की पुठ्ठा रेलिंगवर घट्ट बसतो. तोच साचा. मग त्याला सगळ्या बाजूंनी ३ मिमी वाढवा, कारण धातू आणि रेलिंग यांच्यामधे रबर येणार आहे. रबर ईपीडीएम नावाच्या प्रकारचं घ्या, ते उन्हापावसात टिकतं. सायकलच्या ट्यूबचे तुकडे लवकर चिरतात.

पट्टीवर आकार खरवडून घ्या, आधी ड्रिलने ओळीने भोकं पाडा, मग ग्राइंडरने मोकळं करून कानशीने गुळगुळीत करा. सहा पाय म्हणजे बारा तुकडे. कंटाळवाणं काम आहे, पण कॅरिअरचं सगळं भवितव्य इथे आहे. घाई करायची असेल तर रंगात करा.

पकड रेलिंगच्या खालून वळसा घालणारी हवी, नुसती दोन्ही बाजूंनी दाबणारी नको. टपावर सपाट सामान किंवा होडी असेल तर वेगात वारा त्याला खालून उचलायला बघतो आणि रबराचं घर्षण तिथे पुरं पडत नाही. ब्रेकचा जोर तर याहून मोठा. चांगला कोरडा रस्ता आणि जोरात ब्रेक, तर ७५ किलोचं कॅरिअर आणि सामान साधारण ६० किलोच्या जोराने पुढे जाऊ पाहतं. त्यावर एक सोपी तोड आहे: पुढच्या दोन पकडी रेलिंगच्या पुढच्या खुंटाला मागून टेकवून बसवा. ब्रेक लागला की पकड खुंटावर रेलते, घसरायला जागाच उरत नाही.

वरच्या पट्टीतली बोल्टची भोकं गोल न ठेवता उभी लांबट करा, १० मिमी खेळ राहील अशी. सुतळीने घेतलेलं माप दोन-तीन मिमीने चुकलेलं असतंच, ते इथे जिरतं. बोल्ट ८.८ ग्रेडचे (हा मजबुतीचा दर्जा), खाली रुंद वायसर, वर आत नायलॉनचं कडं असलेले लोखंडी नट. साधे नट आणि स्प्रिंग वायसर यांवर मी विसंबणार नाही, टपावरची थरथर थांबत नाही.

कापणी आणि वेल्डिंग

दोन लांब पाइप १२०० मिमीचे पूर्ण ठेवा आणि ९५० मिमीचे पाच आडवे त्यांच्या मधे बसवा. ४५ अंशांत कापलेले कोपरे दिसायला छान, पण घरच्या ग्राइंडरने ते नीट जुळत नाहीत आणि फट भरता भरता पाइप जळतो. आडवे पाचही पाइप एकत्र बांधून एकाच वेळी खूण करा. कापणीच्या चकतीची जाडीही हिशोबात घ्या, नाहीतर शेवटचा तुकडा आखूड निघतो. तोंडं कानशीने साफ करा, आणि जोडाच्या आसपासचा गंज, तेल, रंग काढून लखलखीत धातू दिसू द्या.

इथे दोन गोष्टी गांभीर्याने घ्या. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप वेल्ड करताना जस्ताची वाफ निघते. ती फुप्फुसात गेली की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. असा पाइप टाळा, नाहीतर जोडाजवळचा मुलामा पूर्ण घासून काढा आणि काम उघड्यावर करा. दुसरं, तेल काढायला क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर वापरू नका. त्याचा ओलावा राहिला आणि वर वेल्डिंगची ठिणगी पडली तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. तो थोडासाही जीवघेणा आहे.

तुकडे सपाट टेबलावर मांडा, गुण्या लावा आणि प्रत्येक जोडाला एक-एक टाका (छोटासा तात्पुरता वेल्ड) मारा, समोरासमोरच्या कोपऱ्यांना आळीपाळीने. मग कर्ण मोजा. १२०० × १००० च्या चौकटीचा कर्ण १५६२ मिमी यायला हवा. नेमका आकडा येण्यापेक्षा दोन्ही कर्ण सारखे येणं महत्त्वाचं. दोन मिमीपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर लांब कर्णावर लाकडी हातोडीने ठोका आणि पुन्हा मोजा. टाके पूर्ण वेल्ड होईपर्यंतच ही सवलत आहे.

१.६ मिमीच्या भिंतीला भोक पडायला वेळ लागत नाही. मिग (तार आपोआप पुढे सरकणारं वेल्डिंग) असेल तर ०.८ मिमीची तार चांगली. रॉडचं वेल्डिंग असेल तर २.५ मिमीचा रॉड, करंट कमी, एका वेळी २०-२५ मिमीच आणि मग दुसऱ्या कोपऱ्याला जा. गरम जोड थंड होताना वेल्डच्या बाजूला ओढतो. म्हणून वरची बाजू सगळी आधी आणि खालची सगळी नंतर असं न करता, चौकट उलटसुलट करत पुढे जा. हातमोजे, काचेचा टोप, जाड सुती कपडे हे वेगळं सांगायला नको.

चौकट गाडीवर ठेवून वेल्ड करू नका, टाकासुद्धा नको. करंट गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समधून वाट काढू शकतो, आणि ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात, त्या पुसून निघत नाहीत. माप घ्यायला चौकट वर चढवा, खूण करा, खाली उतरवा.

कठडा ७५ मिमी उंच पुरतो. आठ खुंट, वर गोल पाइप. कोपऱ्यात पाइप वाकवायला यंत्र नसेल तर कोपरे तिरके कापून दोन जोडांत करा. मागची बाजू उघडी ठेवणं मला सोयीचं वाटतं, लांब सामान आत सरकवता येतं. पण मग मागे पट्टा लावायची सवय हवी. पट्ट्यांसाठी ८ मिमी सळईच्या कड्या चौकटीच्या खालच्या पाइपाला वेल्ड करा. कठड्याला पट्टा बांधू नये, तो फक्त सामान इकडेतिकडे सरकू नये म्हणून असतो.

पाणी, रंग, आवाज

पाइप आतून गंजतो. उघड्या टोकांना प्लास्टिकची टोपणं बसवा आणि प्रत्येक पाइपाच्या खालच्या बाजूला, सगळ्यात सखल जागी ५ मिमीचं भोक पाडा. पाणी आत जाणारच, ते बाहेर पडायला हवं. पावडर कोटिंग करणार असाल तरी ही भोकं लागतातच. भट्टीत पाइपातली हवा तापते आणि तिला वाट लागते. अर्थात टोपणं भट्टीनंतर लावायची.

हाताने रंगवणार असाल तर वेल्डचे फुगे घासा, थिनरने पुसा, एपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि वर इनॅमलचे दोन. आतल्या कोपऱ्यांत आणि पाइपाच्या खालच्या बाजूला ब्रश दोनदा फिरवा, गंज तिथूनच सुरू होतो. काळा रंग रुबाबदार दिसतो खरा, पण दुपारच्या उन्हात हात लावून बघा!

आवाजाबद्दल थोडं सविस्तर, कारण बनवून झाल्यावर पहिली तक्रार तीच असते. आडव्या पाइपावरून वारा जाताना वरून आणि खालून आळीपाळीने भोवरे सुटतात आणि पाइप गुणगुणू लागतो. गोल पाइपासाठी भोवऱ्यांची संख्या वाऱ्याचा वेग भागिले पाइपाचा व्यास, गुणिले ०.२ अशी येते. ताशी १०० किमी वेगात १९ मिमीच्या पाइपाला सेकंदाला २९० च्या आसपास. हा सूर कानाला स्पष्ट ऐकू येतो आणि टपाचा पत्रा त्याला साथ देतो. उपाय स्वस्त आहे. पुढच्या आडव्या पाइपाला ६ मिमीची दोरी मळसूत्रासारखी गुंडाळा, दोन फेऱ्यांत ९०-१०० मिमी अंतर ठेवून. भोवरे पाइपाच्या सगळ्या लांबीवर एकाच वेळी सुटत नाहीत आणि सूर फुटतो. कारखान्यांच्या उंच धुराड्यांभोवती जी मळसूत्रासारखी पट्टी दिसते, तिचं कामही हेच. दोरीने भागलं नाही तर पुढे तिरका १२०-१५० मिमी उंच पत्रा लावा. तरीही शिट्टी वाजत असेल तर एखादं टोपण निघालेलं असतं.

बसवणं आणि परीक्षा

चौकट गाडीवर चढवण्याआधी जमिनीवर तपासा. दोन घोड्यांवर (सुतारकामाच्या लाकडी टेकूंवर), पाय जिथे येणार तिथेच टेकवून ठेवा आणि नेणार असाल त्याच्या दुप्पट वजन पाण्याच्या कॅनने हळूहळू चढवा. १२० लिटर पाणी म्हणजे १२० किलो, मोजायला सोपं. तासाभराने उतरवा. चौकट मूळ जागी आली आणि कुठल्याही वेल्डच्या कडेला केसासारखी रेघ दिसली नाही, तर काम झालं.

वर चढवताना दोन माणसं घ्या, टपावर जुनी चादर टाका. सगळे बोल्ट आधी हाताने लावा, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा. धातूला धातू लागतो तिथे एम ८ ला २०-२५ न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं माप), रबराच्या पकडीला त्याहून बरंच कमी. रबर कडेने जरासं फुगलं की थांबा. मग कठडा नव्हे, चौकट धरून जोरात हलवा. हिसक्याबरोबर पूर्ण गाडी स्प्रिंगवर डोलली पाहिजे. कॅरिअर हललं आणि गाडी तशीच राहिली, तर कुठेतरी ढिलाई आहे.

पहिली फेरी रिकाम्या कॅरिअरने, कमी वेगात. ५० किलोमीटरनंतर थांबून प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळा, कारण रबर बसलेलं असतं. बोल्ट आणि पट्टी मिळून रंगाची एक रेघ ओढून ठेवा. पुढे नजर टाकली की नट फिरलाय का ते लगेच कळतं.

सामान भरताना

जड वस्तू गाडीच्या आतच बऱ्या. टपावर तंबू, झोपायच्या गाद्या, दोऱ्या, रिकामे कॅन, वल्ही असं मोठं पण हलकं सामान. त्यातलं जड असेल ते मधोमध, तळाला. पेट्रोल-डिझेलचे कॅन आणि गॅसची टाकी वर नको, गळती झाली तर थेंब गरम टपावरून खाली येतात आणि गाडी उलटली तर सगळ्यात आधी तेच चेपतं.

पट्टे पॉलिएस्टरचे घ्या. नायलॉन भिजला की लांबतो. रबरी लवचीक दोऱ्या चादर धरून ठेवायला ठीक आहेत, सामान बांधायला नाहीत. पट्टा बांधताना मधे एक पीळ द्या म्हणजे तो वाऱ्यात फडफडत नाही. रॅचेटच्या, म्हणजे दात्यांच्या चाकाने आवळायच्या पट्ट्याने होडीसारखी पोकळ वस्तू आवळली तर ती दबते, तिच्यासाठी साध्या बकलचा पट्टा वापरा. लांब वस्तूला पुढे आणि मागे, बंपरखालच्या ओढायच्या कडीला वेगळी दोरी हवीच.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून १०० केलं तर तो दीडपटीहून जास्त होतो, ६० वरून १२० केलं तर चौपट. कॅरिअर भरलेलं असताना वेग उतरवणं हे सगळ्या बोल्टांपेक्षा जास्त कामाचं. आणि गाडीची नवी उंची, सामानासकट, एका चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. कमी उंचीच्या पार्किंगच्या तोंडाशी ती आठवत नाही.

काम नसेल तेव्हा कॅरिअर उतरवून ठेवा, इंधनही वाचतं आणि रबरही. रेलिंगवर पकडींच्या जागी आतल्या बाजूने पातळ चिकटपट्टीच्या खुणा करा, पायांना कायम रंगाने आकडे घाला, आणि बोल्ट एका पिशवीत घालून ती चौकटीलाच बांधून टाका.